घरची खरेदी आणि दुकानदाराचा हिशेब

आपल्यातील व्यापारी आणि कारागीर बंधू धंद्यात पैशापैशाचा हिशेब ठेवतात. सुताच्या भावात किलोमागे दोन रुपयांचा फरक पडला तर यंत्रमागवाल्याला रात्री झोप लागत नाही. शिलाईच्या दोऱ्याचा डबा पाच रुपयांनी महाग झाला तर टेलर दुसरे दुकान शोधतो. परंतु हाच माणूस संध्याकाळी घरच्यांना घेऊन बाजारात गेला की त्याचा हिशेब कुठे जातो कोण जाणे. पाटीवर ‘पन्नास टक्के सूट’ लिहिलेले दिसले की तो आत शिरतो आणि पिशव्या भरून बाहेर येतो. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी पस्तीस वर्षांपासून कापडाचे दुकान चालवतो. शिक्षण उर्दू माध्यमातले. मराठी गल्ल्यावर बसून शिकलो, त्यामुळे भाषेत चूकभूल असेल तर माफ करावी. विकणारा कसा विचार करतो ते मला ठाऊक आहे. घेणाऱ्याला त्यातले थोडे समजावे एवढ्यासाठी हा लेख.

आधी माझी स्वतःचीच चूक सांगतो. २०१९ साली ईद ५ जूनला होती. सीझन चांगला गेला. गल्ल्यात रोज रोकड येत होती आणि त्याच गल्ल्यातून घरखर्च उचलला जात होता. कधी पाचशे, कधी पाच हजार. लिहून ठेवण्याची सवय नव्हती, कारण दुकान आपले, गल्ला आपला. वर्षअखेरीस खाते लिहिणाऱ्याने ताळा काढला तेव्हा दुकानाचा नफा ३ लाख ४० हजार निघाला आणि घराने उचललेली रक्कम निघाली ४ लाख १५ हजार. म्हणजे ७५ हजार रुपये मी कमावलेच नव्हते. ते घाऊक व्यापाऱ्यांच्या देण्यातून खाल्ले होते. गल्ल्यातली रोकड म्हणजे नफा नव्हे, त्यात मालाचे पैसे असतात, ही गोष्ट मी दुसऱ्यांना नेहमी सांगत असे.

तरीही मी फारसे मनावर घेतले नाही. मार्च २०२० मध्ये पुढच्या ईदचा माल उधारीवर भरला आणि २५ मार्चला टाळेबंदी लागली. त्या वर्षी रमजान २५ एप्रिलला सुरू झाला, ईद २५ मे रोजी आली आणि गेली. माल छतापर्यंत, गिऱ्हाईक एक नाही. घर चालले ते मुलांच्या अम्मीमुळे. तिने वर्षाचे गहू आणि डाळ आधीच भरून ठेवली होती आणि माझ्या नकळत २२ हजार रुपये बाजूला टाकले होते. घाऊक व्यापाऱ्याचे देणे मात्र तेवढ्याने भागणारे नव्हते. त्यासाठी तिच्या दोन बांगड्या मोडल्या. त्या बांगड्या अजून परत झालेल्या नाहीत. सोन्याचा भाव तेव्हापासून दुपटीच्या वर गेला आहे.

त्यानंतर मी पहिले काम केले ते म्हणजे स्वतःचा पगार ठरवला. महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम गल्ल्यातून घरात जाते, नंतर गल्ल्याला हात नाही. दुकानातले कापड घरी गेले तर ते खरेदी भावाने वहीत चढते. सुरुवातीला घरात कुरबुर झाली. दोन महिन्यांनी असे दिसले की, रक्कम ठरलेली असली की घरातली माणसेही दर बघून खरेदी करतात. रक्कम ठरवताना चांगल्या महिन्याकडे बघू नये. मागच्या वर्षातला सर्वांत वाईट महिना काढावा आणि त्याच्या आसपास पगार धरावा. आमच्यातील बरेच व्यापारी जकातीसाठी वर्षातून एकदा मालाची मोजणी करतातच. त्याच दिवशी घराने वर्षभरात किती उचलले तेही मांडून बघावे. वेगळा मुहूर्त लागत नाही.

आठवड्याला मजुरी मिळणाऱ्या कारागिरासाठी याहून सोपा मार्ग आहे. वर्षात ५२ आठवडे असतात. महिन्याला चार आठवडे धरले तर बारा महिन्यांचे ४८ होतात. ४ आठवड्यांची मजुरी वर उरते. ज्या महिन्यात पाच पगार येतात त्यातला तो पाचवा. घरखर्च चार पगारांवर बसवला आणि पाचवा पगार हातात आल्याबरोबर वेगळा ठेवला, तर आठवड्याला ४,००० मिळवणाऱ्याकडे वर्षाला १६,००० रुपये साठतात. यातले निम्मे मंदीसाठी असावेत, कारण माग बंद पडण्याची वेळ सांगून येत नाही. उरलेल्या निम्म्यात ईद आणि शाळेची फी निघते. पाचवा पगार ‘जास्तीचा आला’ म्हणून त्याच आठवड्यात बिर्याणीत आणि मोबाइलच्या दुकानात जातो, हे मी रोज बघतो. आमच्या दुकानातही येतो, मी नाकारत नाही.

आता कापडाविषयी. हा माझा धंदा असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

कापड केव्हा घ्यावे? ईदच्या आधीच्या दहा दिवसांत घेऊ नये. त्या दिवसांत दुकानदाराला भाव कमी करण्याचे काही कारण नसते. गर्दी एवढी असते की, घासाघीस करणाऱ्याला सोडून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. आमच्याकडे बाजार थंड असतो तो आषाढात, लग्नसराई उलटल्यानंतर. पितृपंधरवड्यात, कारण हिंदू घरांतून तेव्हा नवे कापड घेत नाहीत. मोहरममध्ये, कारण आपल्याकडे लग्ने थांबलेली असतात. आणि ईदनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत. या दिवसांत दुकानदाराला घाऊक व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे असतात आणि माल अडकलेला असतो. तो थोड्या नफ्यावर, कधी खरेदी भावानेही माल सोडतो. पांढरे कापड, पॉपलीन, चादरी, टॉवेल, अस्तर यांची फॅशन जात नाही. हा माल याच दिवसांत घेऊन ठेवावा. सोलापूरची चादर शाबानमध्ये घेतली काय आणि मोहरममध्ये घेतली काय, ती तीच चादर.

ईद दरवर्षी इंग्रजी तारखेने दहा-अकरा दिवस अलीकडे येते, हेही ध्यानात ठेवावे. २०१९ ला ती जूनमध्ये होती, २०२५ ला ३१ मार्चला आली, २०३० ला फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच येईल. म्हणजे येत्या काही वर्षांत ईदच्या आधी उन्हाळी सुती माल बाजारात पुरता उतरलेला नसेल. सुती कापड हवे असेल तर ते मागच्या पावसाळ्यात घेऊन ठेवणे फायद्याचे. मात्र वाढत्या मुलांसाठी शिवलेले कपडे आधी घेऊ नका. कापड घ्या आणि शिलाई नंतर करा. मुले आठ महिन्यांत दोन इंच वाढतात.

भाव विचारताना तीन गोष्टी एकत्र विचाराव्यात : मीटरचा भाव, पन्ना, आणि किती मीटर लागेल. नुसता मीटरचा भाव ऐकून निर्णय करणारा हमखास फसतो. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ इंची पन्ह्यात साधारण सव्वादोन मीटर कापड लागते आणि ५८ इंची पन्ह्यात १ मीटर ६० सेंटिमीटर पुरते. समजा, लहान पन्ह्याचा भाव १२० रुपये मीटर आणि मोठ्या पन्ह्याचा १६०. ऐकायला पहिले स्वस्त. पण पहिल्याचे झाले २७० रुपये आणि दुसऱ्याचे २५६. घरात चार शर्ट शिवायचे असतील तर ५६ रुपयांचा फरक आणि कपडा बहुधा चांगल्या दर्जाचा. टेलरला आधी विचारून किती कापड लागेल ते चिठ्ठीवर लिहून न्यावे. दुकानदाराला विचारले तर तो नेहमी थोडे जास्तच सांगतो. कमी पडल्याची तक्रार त्याला नको असते आणि जास्त विकले गेले तर त्याचे नुकसान नसते.

कायद्याने मोजमाप मीटरचेच आहे, पण खेड्यापाड्यांच्या बाजारात अजून वाराची भाषा चालते. १० वार म्हणजे ९ मीटर १४ सेंटिमीटर. भाव मीटरचा सांगून माप वाराने दिले तर दहामध्ये जवळपास एक मीटर गेला. मोजताना पट्टीवरचा सरकारी शिक्का बघावा, आणि कापड ताणून मोजले जात नाही ना, हेही बघावे. होजिअरी, क्रेप यांसारखा लवचीक माल ताणला की मीटरमागे दोन-तीन बोटे सहज निघतात.

माल ओळखण्याच्या काही खुणा. पांढरा रुमाल थोडा ओला करून रंगीत कापडाच्या कोपऱ्यावर जोराने घासा. रुमालाला रंग लागला तर तो धुण्यातही जाणार. कापड दोन्ही मुठींत धरून एकमेकांवर चोळा. पांढरी भुकटी पडली तर अंगात खळ भरलेली आहे, पहिल्या धुण्यानंतर कापड जाळीसारखे विरळ दिसेल. उजेडासमोर धरून वीण सारखी आहे का ते पाहा. काठाचा एक धागा काढून जाळून बघता येतो. कापसाचा धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळतो आणि कडक गोळी होते. मिश्र कापडात राखेबरोबर गोळीही राहते. यात एक गोम आहे. रेयॉनही कापसासारखाच जळतो आणि बाजारात रेयॉनची छपाई ‘प्युअर कॉटन’ म्हणून सर्रास खपवली जाते. अशा वेळी धागा ओला करून ओढून बघावा. रेयॉन ओला झाला की फार कमजोर होतो आणि चटकन तुटतो; कापसाचा धागा ओला झाल्यावर उलट मजबूत होतो. रेयॉन वाईट असे नाही, अंगाला थंड असतो, पण त्याला कापसाचा भाव देऊ नये आणि रोजच्या कामाचा कपडा त्याचा शिवू नये. सुती कापड मात्र शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे, आटायचे तेवढे आधीच आटते.

घासाघीस कुठे करावी याचाही हिशेब असतो. ज्या मालाचा भाव सगळ्या गावाला माहीत आहे, उदाहरणार्थ पांढरे पॉपलीन, परकराचे कापड, शाळेच्या गणवेशाचे कापड, त्यावर आमचा नफा थोडा असतो. तिथे अर्धा तास घालवून मीटरमागे दोन रुपये मिळतील. ज्या मालाचा भाव गिऱ्हाइकाला ठाऊक नाही, म्हणजे भरतकामाचा ड्रेस, लेस लावलेला दुपट्टा, लग्नातला जोडा, तिथे नफा मोठा असतो आणि घासाघिशीला खरी जागा असते. लोक बरोबर उलटे करतात. पॉपलीनसाठी भांडतात आणि लग्नाचा जोडा सांगेल त्या भावाने उचलतात, कारण लग्नात कंजुषी दिसू नये. शक्यतो सकाळी जावे. बोहनीचे गिऱ्हाईक परत पाठवणे बहुतेक दुकानदारांच्या जिवावर येते. आणि भाव विचारताना ‘रोखीचा भाव काय’ असे स्पष्ट विचारावे. उधारीवर दिलेला माल कोणीही रोखीच्या भावाने देत नाही, मीही नाही. उधारीचे गिऱ्हाईक दुकान बदलू शकत नाही आणि भावही करू शकत नाही. त्याची दरवेळची खरेदी थोडी महागच असते.

एक मार्ग फारसा वापरला जात नाही. चार-पाच घरांनी मिळून अख्खा तागा घ्यावा. मुलांच्या कुर्ता-पायजम्याचे पांढरे कापड तर सगळ्यांना सारखेच लागते. ताग्याचा भाव आणि फुटकळ भाव यांत चांगला फरक असतो आणि घाऊकवाल्याला रोख पैसे मिळतात. पैसे मात्र आधी गोळा करावेत. एकाने भरायचे आणि बाकीच्यांनी नंतर द्यायचे, असे केले की कापड राहते आणि शेजार जातो.

आता सुटीच्या पाट्या. ‘५० टक्के अधिक २० टक्के’ म्हणजे ७० टक्के नव्हेत. १,००० च्या वस्तूचे आधी ५०० होतात, मग ५०० वर २० टक्के, म्हणजे ४००. सूट ६० टक्के झाली. ‘तीनवर एक मोफत’ म्हणजे २५ टक्के, तेही तुम्हाला चार हव्या असतील तर. एकच हवी असताना चार घेतल्या तर सूट नाही, तिप्पट खर्च झाला. आणि ही सूट कशावर? छापील किमतीवर. छापील किंमत ही वरची मर्यादा आहे, तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही एवढाच तिचा अर्थ. तयार कपड्यांच्या धंद्यात ती किंमत सुटीचा हिशेब आधी धरूनच छापली जाते. मोबाइलवरच्या खरेदीतही खोडलेली मोठी किंमत दिसते ती याच जातीची. सूट किती ते बघू नका, शेवटी हातातून किती गेले ते बघा आणि तोच माल शेजारच्या दुकानात काय भावाने आहे ते विचारा.

कराविषयी दोन शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के. २,४०० चा सूट आणि २,६०० चा सूट यांत दोनशेचा नाही तर पुष्कळ जास्त फरक पडतो. कर वेगळा लागणार असेल तर पहिला २,५२० ला पडतो, दुसरा ३,०६८ ला. छापील किमतीत सगळे कर आलेले असतात, त्यावर पुन्हा कर लावता येत नाही. जे दुकानदार कंपोझिशनमध्ये आहेत त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेण्याची परवानगी नाही.

हप्त्यांवर घेण्याचा मामला मोठा आहे. व्याजाचा शरई मसला उलेमांनी सांगितलेला आहेच, मी फक्त आकडे मांडतो. १२,००० चा फोन, काही न भरता, १,२०० चे बारा हप्ते. एकूण १४,४००. दुकानदार म्हणतो, वर्षाला २० टक्केच पडले. पण तुम्ही वर्षभर १२,००० वापरत नाही. पहिल्या महिन्यात देणे १२,००० चे, शेवटच्या महिन्यात फक्त १,००० चे. सरासरी देणे ६,५०० झाले आणि त्यावर २,४०० दिले. म्हणजे वर्षाला ३५ टक्क्यांच्या वर. ‘बिनव्याजी हप्ता’ असला तरी रोख देणाऱ्याला किती सूट मिळते ते विचारावे. ती सूट तुम्हाला मिळत नसेल तर तेच तुमचे व्याज. शिलाई मशीन उधारीवर घेतले तर निदान ते कमावते. फोन आणि सोफा कमावत नाहीत.

याला पर्याय म्हणजे मोहल्ल्यातली बीसी, म्हणजे भिशी. बारा माणसे, महिना १,००० रुपये, दर महिन्याला एकाला १२,०००. कोणी कोणाला जास्त देत नाही. पण ओळखीच्यांची असावी, नावे आणि क्रम वहीत लिहिलेला असावा, आणि बोली लावून रक्कम कापण्याची भिशी असेल तर लांब राहावे. तो वेगळाच धंदा आहे. ज्याचा नंबर लवकर लागतो तो पुढचे हप्ते देताना कंटाळतो, म्हणून पहिले नंबर भरवशाच्या माणसांना द्यावेत.

किराण्याविषयी थोडक्यात. गहू मार्च-एप्रिलमध्ये, तूरडाळ नवी आल्यावर, मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर, साठवणीचा कांदा एप्रिल-मेमध्ये. वर्षाची बेगमी रोकड असेल तरच आणि कोरडी जागा असेल तेवढीच. कीड लागलेले धान्य कोणत्याच भावाने स्वस्त नसते. रेशनकार्ड अन्नसुरक्षेत असेल तर ते आळसाने सोडू नये. २०२३ पासून त्यावरचे धान्य मोफत आहे, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. मोठे पाकीट स्वस्तच असते असेही नाही. शाम्पूची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. बहुतेक पाकिटांवर ग्रॅमचा किंवा मिलीलीटरचा दर छापावा लागतो, तो वाचावा.

शेवटी ईदच्या यादीची गोष्ट. मागच्या दोन वर्षांपासून आमच्या घरी ही यादी रमजानच्या आधी, शाबानमध्ये होते. प्रत्येकाच्या नावापुढे आधी घरात काय आहे ते लिहिले जाते, मग काय हवे ते. गेल्या खेपेस असे निघाले की, तीन कोरे कुर्त्याचे पीस कपाटातच पडून होते. कापडवाल्याच्या घरी असे होते, तर इतरांकडेही बघायला हरकत नाही. यादीबाहेरची वस्तू घ्यायची असेल तर यादीतली एक कापायची, असा नियम मुलांनीच केला. बिले एका पाकिटात ठेवतो. एका दुकानातून घेतलेल्या चपलांचा तळ आठ दिवसांत निघाला तेव्हा बिल होते म्हणून त्या बदलून मिळाल्या. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. आणि कापड टेलरकडे शाबान संपण्याआधी पोचले पाहिजे. दहा-बारा रोजे झाले की टेलर ‘बुकिंग बंद’ची पाटी लावतात, आणि नंतर जो घेतो तो शिलाई जास्त लावतो आणि चाँदरातीला काज-बटनाशिवाय कुर्ता हातात देतो.